संशोधन फेलोशिप : अर्ज, कागदपत्रे आणि घरचा हिशेब

आपल्या मंडळात दहावी-बारावीला चांगले गुण मिळवणाऱ्या मुलामुलींचे आपण कौतुक करतो, नारळ-पुष्प देतो, फोटो काढतो. त्यांतली काही मुले पुढे बी.एस्सी., एम.एस्सी. करतात. मग घरात प्रश्न उभा राहतो : आता पुढे काय? बी.एड., बँकेची परीक्षा, खासगी शाळा, आणि मुलगी असेल तर लग्न, एवढ्यावर चर्चा संपते. संशोधनाचा विषय निघालाच तर कोणीतरी म्हणते, "आणखी पाच वर्षे घरून पैसे कुठून आणायचे?"

हा प्रश्न चुकीच्या माहितीवर उभा आहे. विज्ञानात पीएच.डी. करणाऱ्याला फेलोशिप मिळाली तर घरून पैसे लागत नाहीत, उलट दरमहा मिळतात. माझ्या माहितीतल्या हुशार मुलांचे बरेचदा बुद्धीमुळे अडले नाही. तारीख चुकली, दाखला चुकीचा निघाला, खाते चुकले, किंवा घरच्यांचा धीर सुटला. म्हणून हा लेख.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, नोकरी सारी बँकेत गेली. विज्ञानातले मला फारसे कळत नाही. पण अर्ज, दाखले, खाते आणि मुदत यांच्याशी पस्तीस वर्षे संबंध आला. माझ्या पुतणीच्या वेळी आम्ही घरचे सगळे या वाटेने गेलो, चुकाही केल्या. ती माहिती सभासद परिवारांसाठी एकत्र करून देत आहे.

इंदूरला जन्मलेल्या एका मुलीचा अर्ज

सुरुवात आपल्याच माळव्यातल्या एका नावाने करतो. कमला भागवत, लग्नानंतरच्या कमला सोहोनी, यांचा जन्म १९११ साली इंदूरला झाला. प्रसिद्ध लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्र शिकलेले, बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेले. तीच आजची भारतीय विज्ञान संस्था. कमलाबाईंनाही तिथेच जायचे होते. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होऊन त्यांनी तिथे संशोधनासाठी अर्ज केला.

अर्ज नाकारला गेला. संस्थेचे संचालक होते नोबेल विजेते सर सी. व्ही. रामन. नाकारण्याचे कारण गुण नव्हते, अर्जदार स्त्री आहे हे होते. कमलाबाई स्वतः बंगळूरला गेल्या, कारण विचारले आणि प्रवेश मिळेपर्यंत हटणार नाही असे सांगून सत्याग्रहाची भूमिका घेतली. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर : पहिले वर्ष चाचणीचे, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम, आणि आपल्यामुळे प्रयोगशाळेतल्या पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये. या अटींचा अपमान त्या पुढे आयुष्यभर विसरल्या नाहीत. पण त्या वेळी त्यांनी अटी मान्य करून श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली काम सुरू केले. विषय होता दूध आणि कडधान्यांतली प्रथिने. वर्षभराने रामन यांचे समाधान झाले, त्यांना नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता मिळाली, आणि त्यानंतर त्या संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले.

पुढे मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर त्या केंब्रिजला गेल्या. तिथे नोबेल विजेते फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या विभागात त्यांनी काम केले. बटाट्यावर प्रयोग करताना वनस्पतींच्या पेशींतही 'सायटोक्रोम सी' हा श्वसनाशी संबंधित घटक असतो हे त्यांनी दाखवले. त्यांचा प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता आणि काम सुमारे चौदा महिन्यांत पूर्ण झाले. १९३९ साली पीएच.डी. घेऊन त्या परतल्या. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी कडधान्ये आणि नीरा यांच्या पोषणमूल्यावर काम केले. नीरेवरच्या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

ही गोष्ट सांगण्याचे कारण एवढेच. त्यांचे गुण पहिल्या दिवशीही तेच होते आणि प्रवेश मिळाला त्या दिवशीही तेच. मधे फरक पडला तो कारण विचारण्याने, आणि घरच्यांनी "परत ये" न म्हणण्याने. आज फेलोशिपच्या नियमांत स्त्री म्हणून कोणी अडवत नाही, उलट वयात सवलत आहे. आजच्या अडचणी कागदाच्या आणि घरच्या आहेत, आणि त्या आपल्या हातातल्या आहेत.

फेलोशिप म्हणजे काय आणि किती

शिष्यवृत्ती शिक्षणाच्या खर्चाला मदत म्हणून असते. फेलोशिप त्याहून वेगळी आहे. संशोधन शिकता शिकता पूर्ण वेळ काम करण्यासाठी मिळणारे ते मासिक मानधन आहे.

सर्वांत माहितीची म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, थोडक्यात जेआरएफ. विज्ञान विषयांसाठी सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेतून ती मिळते. १ जानेवारी २०२३ पासून तिची रक्कम दरमहा ३७,००० रुपये आहे. दोन वर्षांनी कामाचे मूल्यमापन होते आणि त्यानंतर सीनिअर रिसर्च फेलो म्हणून दरमहा ४२,००० मिळतात. एकूण मुदत जास्तीत जास्त पाच वर्षे.

हिशेब मांडून पाहू :

- पहिली २ वर्षे : ३७,००० × २४ = ८,८८,००० रुपये
- पुढची ३ वर्षे : ४२,००० × ३६ = १५,१२,००० रुपये
- एकूण : २४,००,००० रुपये

वसतिगृहात जागा मिळाली नाही तर शहराच्या श्रेणीप्रमाणे घरभाडे भत्ता वेगळा मिळतो. सीएसआयआरच्या फेलोसाठी रसायने, पुस्तके, प्रवास अशा खर्चाला वर्षाला २०,००० रुपये संस्थेकडे येतात. ते मुलाच्या हातात मिळत नाहीत.

पंतप्रधान संशोधन फेलोशिप याहून मोठी आहे. आयआयटी, आयसर, भारतीय विज्ञान संस्था अशा निवडक संस्थांतल्या विद्यार्थ्यांना ती मिळते. पहिली दोन वर्षे ७०,०००, तिसऱ्या वर्षी ७५,००० आणि चौथ्या-पाचव्या वर्षी ८०,००० रुपये दरमहा. पाच वर्षांचे ४५ लाख होतात. शिवाय वर्षाला २ लाखांचे संशोधन अनुदान. निवड कठीण असते आणि जवळच्या महाविद्यालयांत, पॉलिटेक्निकमध्ये शिकवण्याची जबाबदारीही असते.

रकमा आणि अटी वेळोवेळी बदलतात. अर्ज भरताना त्या वर्षीची जाहिरात शेवटच्या पानापर्यंत वाचावी.

कोणत्या वर्षी कशाकडे पाहायचे

एम.एस्सी. झाल्यावर शोधाशोध सुरू केली तर उशीर होतो. पायऱ्या अशा आहेत :

१. बारावीनंतर. बारावीच्या बोर्डात वरच्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञान घेणाऱ्यांसाठी केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ८०,००० रुपयांची. प्रत्येक बोर्डाची गुणमर्यादा वेगळी असते, म्हणून मध्य प्रदेश बोर्डाच्या मुलांनी सीबीएसईचा आकडा पाहून निराश होऊ नये.

२. बी.एस्सी. आणि एम.एस्सी.च्या काळात. देशातल्या तीन विज्ञान अकादमी (बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराज) मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन फेलोशिप देतात. मूल एखाद्या नामवंत शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत राहून काम शिकते, मानधन आणि प्रवासखर्च मिळतो. अर्ज साधारण आदल्या हिवाळ्यात मागवतात. लहान गावातल्या महाविद्यालयातून आलेल्या मुलाला प्रयोगशाळा पहिल्यांदा आतून दिसते ती इथे. पुढच्या सगळ्या अर्जांना या दोन महिन्यांचे वजन येते.

३. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी. सीएसआयआर-यूजीसी नेट साधारणपणे वर्षातून दोनदा होते. रसायन, भौतिक, जीव, गणित आणि भूविज्ञान असे पाच विषय, तीन तास, २०० गुण आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही बसू शकतात. जैवतंत्रज्ञानासाठी डीबीटीची, वैद्यकीय संशोधनासाठी आयसीएमआरची आणि शेतीसाठी आयसीएआरची फेलोशिप वेगळी असते. भौतिकशास्त्राच्या मुलांनी जेस्ट, आणि सर्वांनीच गेट या परीक्षांची चौकशी करावी. विद्यापीठात एम.एस्सी.ला पहिला येणाऱ्यासाठी इन्स्पायर फेलोशिप आहे. विद्यापीठाचे पहिल्या क्रमांकाचे प्रमाणपत्र मागून घ्यावे लागते, आपोआप घरी येत नाही.

४. पीएच.डी.नंतर. नॅशनल पोस्ट डॉक्टरल फेलोशिप, इन्स्पायर फॅकल्टी अशा योजना आहेत. ज्या स्त्रियांच्या कामात लग्न, बाळंतपण किंवा घरातल्या आजारपणामुळे खंड पडला त्यांच्यासाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची वाईज-किरण योजना आहे. आपल्या परिवारांत अशा सुना आणि लेकी आहेत, त्यांना ही माहिती जरूर द्यावी.

आपल्या बदनावरहून संशोधनाच्या जागा फार दूर नाहीत. इंदूरला राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे. तिथे इंडस-१ आणि इंडस-२ ही यंत्रे आहेत आणि देशभरातले संशोधक तिथे प्रयोगाला येतात. सिमरोलला आयआयटी, खंडवा रोडवर सोयाबीन संशोधन संस्था, देवी अहिल्या विद्यापीठाचे विज्ञान विभाग, आणि भोपाळला आयसर. मुलांना एकदा तरी यांतल्या एखाद्या ठिकाणी विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, घेऊन जावे. काही संस्था त्या दिवसांत दरवाजे सर्वांसाठी उघडतात.

नाव, जन्मतारीख आणि दाखले

इथे बहुतेक घरे गाफील असतात आणि आपल्या मराठी घरांची यात खास अडचण आहे.

आपल्याकडे नाव लिहायची पद्धत स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. मध्य प्रदेश बोर्डाच्या अंकसूचीत बहुधा नाव आणि आडनाव, वडिलांचे नाव खाली वेगळे. आधारवर कोणी तिन्ही लिहून घेतलेली असतात. समग्र आयडीत 'ळ'चा 'ल' झालेला असतो. 'पवार' हे कुठे 'पंवार', कुठे 'पुआर' असते आणि इंग्रजी स्पेलिंग तिन्ही ठिकाणी निराळे. परीक्षेच्या अर्जात, आधारवर आणि बँकेत नाव जुळले नाही तर अर्ज किंवा पैसे अडकतात.

उपाय सोपा आहे, पण वेळ लागतो. दहावीची अंकसूची पाया मानावी, तिच्यावरील नाव आणि जन्मतारीख हीच सगळीकडे करून घ्यावी. आधी आधार, मग पॅन, मग बँक, हा क्रम ठेवावा. हे काम बारावीच्या सुट्टीत करावे, अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात नाही. मुलीचे लग्न झाले तरी संशोधन पूर्ण होईपर्यंत नाव बदलण्याची घाई करू नये. बदलायचेच असेल तर सर्व ठिकाणी एकदम बदलावे.

आरक्षणाचा लाभ घेणाऱ्यांसाठी तीन गोष्टी :

- ओबीसी दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यात लागतो. राज्याच्या नमुन्यातला चालेलच असे नाही. लोकसेवा केंद्रात अर्ज देतानाच 'केंद्राचा नमुना' असे स्पष्ट सांगावे.
- केंद्राची ओबीसी यादी राज्यवार आहे. महाराष्ट्रातले आपले नातेवाईक तिथल्या यादीत असतील, म्हणून आपण इथे असू असे नाही. मध्य प्रदेशची यादी पाहावी.
- नॉन क्रीमी लेअर आणि ईडब्ल्यूएस दाखले चालू आर्थिक वर्षाचे लागतात. मार्चमध्ये काढलेला दाखला एप्रिलनंतरच्या अर्जाला जुना ठरू शकतो. आम्ही बँकवाले ३१ मार्च कधी विसरत नाही, तुम्हीही विसरू नका.

अर्ज कियोस्कवर भरायला हरकत नाही. पण मोबाइल क्रमांक आणि ईमेल मुलाचाच द्यावा. दुकानदार घाईत स्वतःचा क्रमांक टाकतात, मग प्रवेशपत्राचा, चूक दुरुस्तीचा, मुलाखतीचा संदेश त्यांच्या फोनवर जातो आणि आपण वाट पाहत बसतो. भरलेल्या अर्जाची छापील प्रत, शुल्काची पावती आणि पासवर्ड एका फाइलमध्ये ठेवावे.

प्रस्ताव कसा लिहावा

उन्हाळी फेलोशिपला थोडक्या शब्दांत आणि पीएच.डी.नंतरच्या योजनांना सविस्तर, पण कुठेतरी "तुम्हाला काय करायचे आहे आणि का" हे लिहावे लागतेच. मुले तिथे लहानपणापासून विज्ञानाची आवड असल्याचे आणि देशसेवेचे वाक्य लिहितात. निवड करणारा असे शेकडो कागद वाचतो.

मला बँकेतला अनुभव आठवतो. कर्जाच्या अर्जात एकाने लिहिले, "धंदा करायचा आहे, होतकरू आहे." दुसऱ्याने लिहिले, "बसस्टँडजवळ दुकान आहे, पिठाची गिरणी बसवायची आहे, यंत्राची किंमत इतकी, रोज इतके दळण येईल." दुसऱ्याचे प्रकरण मंजूर करताना विचार करावा लागत नसे. संशोधनाचा प्रस्तावही तसाच असतो.

समजा आपल्या भागातल्या मुलाला सोयाबीनवर काम करायचे आहे. "मला सोयाबीनवर संशोधन करायची इच्छा आहे" एवढे पुरत नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन रोखणारे घटक असतात, ते उष्णतेने कमी होतात. कमला सोहोनींनी आपल्या कडधान्यांतल्या अशाच घटकांवर काम केले होते. आता प्रश्न असा विचारता येतो : माळव्यात पेरल्या जाणाऱ्या दोन-तीन वाणांत हे घटक किती आहेत? घरी भिजवून उकडल्यावर किती उरतात? मोजणार कसे, किती दिवसांत, आणि अपेक्षेप्रमाणे निकाल आला नाही तर काय करणार? एवढे चार मुद्दे साध्या भाषेत आले की वाचणाऱ्याला कळते, हा मुलगा विचार करून आला आहे.

लिहिल्यावर तो कागद घरातल्या विज्ञान न शिकलेल्या माणसाला वाचून दाखवावा. त्याला प्रश्न कळला तर कागद ठीक आहे. पुतणीने मला वाचून दाखवला होता, आणि दोन वेळा मी "काही समजले नाही" म्हणालो. ती रागावली, पण तिसऱ्यांदा लिहिलेला मला समजला.

शिफारसपत्र

शिफारसपत्र मोठ्या हुद्द्याच्या माणसाचे असावे असा गैरसमज आहे. आमदार, प्राचार्य, ओळखीचे डॉक्टर, कोणाचेही पत्र जोडतात. त्याचा उपयोग नाही. ज्यांनी मुलाला प्रयोगशाळेत काम करताना पाहिले आहे त्या शिक्षकांचे पत्र हवे, मग ते तालुक्याच्या महाविद्यालयातले का असेनात.

शिक्षकांना किमान तीन आठवडे आधी विचारावे. सोबत एक पान द्यावे : आपण त्यांच्याकडे कोणता विषय शिकलो, कोणता प्रकल्प केला, गुण किती, अर्ज कशासाठी, शेवटची तारीख कोणती. आता बरीच पत्रे ऑनलाइन मागवतात. शिक्षकांच्या ईमेलवर दुवा जातो आणि तो कधी स्पॅममध्ये पडतो. शेवटच्या तारखेच्या आठवडाभर आधी, "सर, दुवा आला का?" असे नम्रपणे विचारावे. निकाल काही लागो, नंतर शिक्षकांना भेटून सांगावे. लहान गावात ही ओळख वर्षानुवर्षे उपयोगी पडते.

पात्रता म्हणजे प्रवेश नव्हे

नेट-जेआरएफचा निकाल आला की घरी पेढे वाटतात. पण जेआरएफ ही पात्रता आहे. संस्थेत प्रवेश मिळाला, मार्गदर्शकाने घेतले आणि रुजू झाल्याचा कागद गेला, तेव्हा पैसे सुरू होतात. पात्रतेच्या पत्राला मुदत असते, ती उलटली तर पेढे वायाच.

म्हणून निकालाची वाट पाहत असतानाच संस्थांच्या प्रवेशाच्या जाहिराती पाहाव्यात. मार्गदर्शक निवडताना त्यांचे गेल्या काही वर्षांतले प्रकाशित काम वाचावे आणि शक्य असल्यास त्यांच्याकडे आत्ता काम करणाऱ्या विद्यार्थ्याशी बोलावे. सरांकडे मुले वेळेत पीएच.डी. होतात का, हे तोच खरे सांगेल. सोयरीक जुळवताना आपण जितकी चौकशी करतो तितकी इथेही करावी. पाच वर्षे काढायची असतात.

मुलाखतीत आपल्या एम.एस्सी.च्या प्रकल्पावर प्रश्न येतात. येत नसेल तर "माहीत नाही, पण असा विचार करीन" असे म्हणावे. इंग्रजी अडखळत असेल तरी चालते, विषय अडखळता कामा नये.

खाते : आमच्या घरची चूक

पुतणीला जेआरएफ मिळाली, दुसऱ्या राज्यात एका संस्थेत ती रुजू झाली. मी स्वतः सांगून तिचे नवे बचत खाते उघडवले आणि निश्चिंत झालो. पहिला महिना गेला, दुसरा गेला. "काका, पैसे अजून आले नाहीत." मी म्हणालो, "सरकारी काम आहे, येतील." चौथ्या महिन्यात ती फोनवर रडली. आपले नाव कापले गेले असे तिला वाटत होते. भाऊ तिला पैसे पाठवत होता आणि वहिनी म्हणत होती, "परत ये. इथे शाळेत जागा आहे, निदान डोळ्यांसमोर राहशील." आमच्या घरात ती जवळजवळ परतच आली होती.

मग मी नीट बसून तपासले. पैसे दरमहा येत होते, पण दुसऱ्याच खात्यात. नववीत असताना शाळेच्या शिष्यवृत्तीसाठी तिचे एक खाते काढले होते. आधार त्या जुन्या खात्याशीच जोडलेले होते. आधारवर पाठवलेली रक्कम ज्या बँकेशी आधार शेवटचे जोडलेले असते तिथेच जाते, नवे खाते कुठेही असो. ते जुने खाते दोन वर्षांहून जास्त काळ व्यवहार नसल्याने निष्क्रिय झालेले. त्याला जोडलेला मोबाइल क्रमांक तिचा नव्हताच, म्हणून संदेशही कोणाला आला नाही. चार महिन्यांचे १,४८,००० रुपये तिथे पडून होते. केवायसी नव्याने देऊन खाते चालू केले, आधार नव्या खात्याला जोडले, प्रकरण मिटले. चूक माझी होती. आयुष्यभर लोकांना हेच सांगितले आणि घरच्या मुलीचे पाहिले नाही.

तेव्हा रुजू होण्याआधी एवढे पाहावे :

- आधार कोणत्या बँकेशी जोडलेले आहे ते आधारच्या संकेतस्थळावर दिसते. ते तपासावे, हवे ते खाते जोडून घ्यावे.
- खाते स्वतःच्या नावावर, पूर्ण केवायसीचे, चालू स्थितीत असावे. कमी कागदांवर उघडलेले 'छोटे खाते' असेल तर साधे बचत खाते करून घ्यावे. छोट्या खात्यात जमा, शिल्लक आणि उचल या सर्वांवर मर्यादा असतात.
- लहानपणी पालकांसह उघडलेले खाते मूल अठरा वर्षांचे झाल्यावर नव्या सह्या आणि कागद देऊन बदलून घ्यावे.
- यूजीसीच्या फेलोशिपमध्ये संस्थेतला एक कर्मचारी दरमहा नोंद करतो आणि दुसरा ती मंजूर करतो, बँकेतल्या मेकर-चेकरसारखेच. ही दोन माणसे कोण हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्यावे.
- पहिली रक्कम यायला काही महिने लागू शकतात. चार महिन्यांचा खर्च, साधारण ६० ते ८० हजार रुपये, आधीच बाजूला ठेवावा. यासाठी व्याजाचे कर्ज काढू नये. आवर्त ठेव आधीपासून सुरू करावी.
- शैक्षणिक कर्ज चालू असेल तर पीएच.डी.ला प्रवेश झाल्याचे पत्र देऊन हप्त्यांबाबत शाखेत लेखी अर्ज द्यावा. न सांगता हप्ते थकले तर सिबिल बिघडते.
- शिक्षणाच्या खर्चासाठी दिलेल्या शिष्यवृत्तीला आयकरात सूट आहे. तुमची रक्कम त्यात कशी बसते हे सीएला विचारावे, पीएच.डी.नंतरच्या फेलोशिपबाबत तर नक्कीच.
- फेलोशिप मंजूर करून देतो म्हणून 'प्रोसेसिंग फी' मागणारा फोन हा फसवणुकीचा असतो. ओटीपी कोणालाही सांगू नये.

घरच्यांसाठी चार शब्द

संशोधनात पहिले वर्ष-दीड वर्ष हाती काही लागत नाही. प्रयोग फसतात, मूल चिडचिडे होते. अशा वेळी "तुझ्याबरोबरचे बघ, कुठे पोहोचले" हे वाक्य घरातून जाऊ नये. ३७,००० रुपये ही नोकरीची पहिली पायरी नाही हे खरे, पण ते ओझेही नाही. मूल स्वतःचा खर्च स्वतः करते आहे हे नातेवाइकांना अभिमानाने सांगावे.

मुलींच्या बाबतीत आणखी. सीएसआयआरच्या जेआरएफमध्ये स्त्रियांना वयोमर्यादेत पाच वर्षांपर्यंत सवलत आहे. यूजीसीच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांनुसार स्त्रियांना पदवी पूर्ण करण्यासाठी दोन वर्षे जादा मिळू शकतात आणि बाळंतपण व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. म्हणजे लग्न आणि संशोधन यांतले एकच निवडा असे नियम म्हणत नाहीत. ते आपणच म्हणतो. स्थळ पाहताना "ती पीएच.डी. पूर्ण करणार आहे" हे पहिल्या भेटीतच सांगावे, पुढचे बरेच वाद वाचतात.

आणि निवड झाली नाही तर? कारण विचारावे. नेटचे गुण दिसतात, कोणत्या भागात कमी पडले ते पाहावे. पुढच्या खेपेची तारीख त्याच दिवशी दिनदर्शिकेवर लिहावी. तोपर्यंत एखाद्या प्रकल्पात प्रोजेक्ट असोसिएट म्हणून काम मिळते का पाहावे. अनुभव मिळतो, थोडे पैसेही मिळतात.

माझी पुतणी आता सीनिअर फेलो आहे. मागच्या दिवाळीत घरी आली तेव्हा वहिनीने शेजारणीला सांगितले, "आमची मुलगी शास्त्रज्ञ आहे." मी ऐकले आणि काही बोललो नाही.

ज्या परिवारांत असा अर्ज भरायचा आहे त्यांनी मंडळाच्या मासिक बैठकीला कागदांची फाइल घेऊन यावे. विज्ञानाचे मला सांगता येणार नाही, पण नाव, तारीख, दाखला आणि खाते मी तपासून देईन. शेवटच्या दिवशी मात्र येऊ नका, निदान महिनाभर आधी या.